‘वरून मंजुरी आली की कळवतो’: गहाण घरांचे व्यवहार आणि वाचकांचे प्रश्न

या महिन्यातली बरीचशी पत्रे एकाच दुखण्याची आहेत. गहाण घर विकायचे किंवा घ्यायचे ठरते, गिऱ्हाईक मिळते, रक्कमही ठरते आणि मग बँक गप्प बसते. शाखेत गेले की साहेब बदललेले असतात, फोन केला की ‘फाइल वर गेली आहे’ एवढेच ऐकू येते. निवडक पाच पत्रांना इथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न (मडगाव): मुलगा नोकरीनिमित्त न्यू जर्सीला असतो. तिथे ‘शॉर्ट सेल’मधल्या एका घरासाठी त्याने ऑफर दिली. घरमालकाने सही करून तीन महिने होऊन गेले, पण बँकेचा होकार नाही की नकार नाही. एजंट दर आठवड्याला वेगळेच काही सांगतो. यात फसवणूक तर नाही ना?

उत्तर: एजंट वेगवेगळे सांगतो याचा अर्थ तो खोटेच बोलतो असा नाही. बँकेकडून त्यालाही तसेच तुकड्यातुकड्याने कळत असते.

शॉर्ट सेल कसा असतो ते आधी पाहा. समजा मालकाचे कर्ज ३ लाख ४० हजार डॉलर उरले आहे आणि घराला बाजारात २ लाख ९० हजारच मिळतात. मालकाकडे वरचे ५० हजार नाहीत. मग बँकेने तूट सोसून घरावरचा बोजा उठवावा, अशी विनंती केली जाते. त्यामुळे मालकाच्या सहीने सौदा पक्का होत नाही, फक्त फाइल बँकेकडे रवाना होते.

गोम पुढे आहे. तुमच्या मुलाचा एजंट ज्या ‘बँके’शी बोलतो ती बहुधा कर्जाची मालकीण नसतेच. ती ‘सर्व्हिसर’, म्हणजे हप्ते गोळा करणारी आणि हिशेब ठेवणारी कंपनी असते. कर्जाचा मालक दुसराच, पुष्कळदा फॅनी मे किंवा फ्रेडी मॅक, म्हणजे गृहकर्जे विकत घेणाऱ्या तिथल्या मोठ्या संस्था. कर्जावर विमा असेल तर विमा कंपनीचाही होकार लागतो. घरावर दुसरे कर्ज असेल तर ती दुसरी बँक आपला बोजा फुकट सोडत नाही. तिला किती द्यायचे हे पहिली बँक ठरवते, आणि तेवढ्यावर दुसरी राजी झाली नाही तर सगळे तिथेच अडते. हे दोन-तीन होकार एकाच वेळी जिवंत असावे लागतात. वेळ लागतो तो इथे.

दुसरे कारण अगदी क्षुल्लक दिसते, पण फाइली त्यानेच सर्वाधिक अडकतात. मालकाला अडचणीचे पत्र, पगाराच्या स्लिपा, बँकेचे खातेउतारे, दोन वर्षांची आयकर विवरणे आणि विक्रीनंतर हातात काय उरेल याचा अंदाजी हिशेब द्यावा लागतो. स्लिपा आणि उतारे ताजे हवेत. फाइल महिनाभर टेबलावर पडली की ते शिळे होतात, बँक नवे मागते, आणि एक पान जरी राहिले तरी फाइल ‘अपूर्ण’ ठरते. मध्येच सर्व्हिसर बदलला तर पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात.

तिसरी गोष्ट किमतीची. बँक आपल्या वतीने एखाद्या स्थानिक ब्रोकरकडून घराची किंमत काढून घेते. तो कधी आत जाऊन बघतो, कधी रस्त्यावरून फोटो काढून परततो. छत गळते हे बाहेरून दिसत नाही. किंमत जास्त धरली गेली की बँक तुमची ऑफर नाकारते किंवा वाढवून मागते. दुरुस्तीची अंदाजपत्रके आणि आतले फोटो हाती असतील तर फेरतपासणी मागता येते. म्हणून ब्रोकर यायच्या दिवशी विकणाऱ्याच्या एजंटाने तिथे हजर राहावे.

आता मुलाने करायचे काय? एजंटाला लेखी विचारावे: कर्जाचा मालक कोण? दुसरा बोजा आहे का? फाइल ‘पूर्ण’ असल्याचे सर्व्हिसरने कळवले का, आणि कोणत्या तारखेला? घराच्या लिलावाची तारीख लागली आहे का? ही शेवटची तारीख महत्त्वाची आहे. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे लिलावाच्या ३७ दिवसांहून आधी पूर्ण अर्ज पोचला असेल, तर त्यावर निर्णय होईपर्यंत सर्व्हिसरला लिलाव पुढे रेटता येत नाही. अर्ज अपूर्ण असेल तर हे संरक्षण नाही. न्यू जर्सीत लिलाव शेरीफ करतो आणि तो झाला की शॉर्ट सेल संपला.

टायटल रिपोर्ट, म्हणजे मालकी आणि बोजे दाखवणारा अहवाल, आताच मागवावा. थकलेला मालमत्ता कर, सोसायटीची वर्गणी, एखादा जुना कोर्टाचा हुकूमनामा, हे मंजुरीनंतर निघाले की ‘हे कोण भरणार’ यावरून सौदा मोडतो. घराच्या तपासणीचे आणि कर्जाचे दिवस मालकाच्या सहीपासून न धरता बँकेच्या मंजुरीपासून मोजायचे, असे करारात लिहून घ्यावे. नाहीतर तपासणीचा खर्च वाया जातो आणि व्याजदर रोखून धरण्याची मुदतही टळते. अमुक तारखेपर्यंत मंजुरी आली नाही तर बयाणा परत, हेही कलम हवेच.

मंजुरीचे पत्र आले की ते शब्दन् शब्द वाचावे. खरेदीदाराचे नाव, बँकेला मिळायची किमान निव्वळ रक्कम आणि व्यवहार पुरा करायची शेवटची तारीख त्यात असते. ती तारीख हुकली की मुदतवाढ मागावी लागते. ती मिळेलच असे धरून चालू नये. राहते भाड्याचे घर सोडायची तारीख आधीच देऊन बसणे, असे मात्र मुलाने मुळीच करू नये.

प्रश्न (म्हापसा): फ्लॅटवर ४६ लाखांचे कर्ज थकले आहे. बँकेची ६० दिवसांची नोटीस आली. फ्लॅटला ४१ लाख द्यायला एक कुटुंब तयार आहे. बँकेला हे सांगितले तर शाखाधिकारी तोंडी ‘हो’ म्हणाले. आता कुटुंबाकडून बयाणा घेऊ का?

उत्तर: आताच घेऊ नका. नोटीस सरफेसी कायद्याच्या, म्हणजे तारण मालमत्ता ताब्यात घेऊन विकायचा अधिकार बँकांना देणाऱ्या कायद्याच्या, कलम १३(२) खालची असणार. ती मिळाल्यावर बँकेच्या लेखी पूर्वसंमतीशिवाय तारण मालमत्ता विकायला कलम १३(१३) ची बंदी आहे. तोंडी ‘हो’ला इथे किंमत नाही. शाखाधिकाऱ्याला व्याज माफ करण्याचा अधिकारच नसण्याची शक्यता मोठी. किती रकमेची सूट कोणी द्यायची याचे टप्पे बँकेच्या धोरणात ठरलेले असतात, आणि तुमची फाइल विभागीय किंवा त्याहून वरच्या कचेरीत जाणार. त्यामुळे शाखेला पहिला प्रश्न हा विचारा: ‘एवढ्या सुटीचा निर्णय कुठल्या पातळीवर होतो, आणि त्या समितीची बैठक कधी आहे?’

अर्ज एकरकमी तडजोडीचा करा, म्हणजे ओटीएसचा. त्यात बँकेला तिचा फायदा आकड्यात दाखवा. तुमच्या उदाहरणात समजा दलाली ८२ हजार, सोसायटीची थकबाकी आणि घरपट्टी मिळून ६८ हजार. ४१ लाखांतून हे दीड लाख गेले की बँकेच्या हाती ३९ लाख ५० हजार पडतात. लिलावाला गेली तर बँकेला मूल्यांकन, जाहिराती, ताबा घेणे, कदाचित डीआरटीतला (कर्जवसुली न्यायाधिकरणातला) खटला, असा सगळा खर्च आणि वेळ सोसून राखीव (लिलावातली किमान) किंमत तरी मिळेल का, याचा विचार तीही करतेच. अर्जासोबत खरेदीदाराचे सहीचे पत्र, त्याच्या कर्जाची तत्त्वतः मंजुरी आणि तुमच्या उत्पन्नाची कागदपत्रे जोडा. अर्जाच्या प्रतीवर शाखेची पोच, शिक्का आणि तारीख घ्या. ई-मेलही करा.

सोबत खात्याचा तपशीलवार उतारा मागा: मुद्दल किती, व्याज किती, दंडात्मक आकार किती, वकिलाचा आणि नोटिशीचा खर्च किती. ‘इतर आकार’ या नावाखाली काय काय दडलेले असते ते बघण्यासारखे असते. व्याज वाढत राहते, तेव्हा बाकीच्या पत्रात ‘अमुक तारखेपर्यंत वैध, पुढे रोज इतके रुपये’ असे लिहून मागा.

नोटिशीला हरकतीचे उत्तरही द्या. कलम १३(३अ) प्रमाणे बँकेला त्यावर १५ दिवसांत कारणांसह उत्तर देणे भाग आहे. ओटीएसचा अर्ज दिला की ६० दिवसांचे घड्याळ थांबते, ही समजूत काढून टाका. ओटीएस हा हक्क नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये बिजनोरच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात ते स्पष्ट केले आहे. बँक नाही म्हणू शकते.

मंजुरीचे पत्र आले की त्यातल्या तारखा सांभाळा. बऱ्याच बँका काही टक्के रक्कम आधी मागतात. ती नेहमीच्या कर्जखात्यात न भरता ‘नो लियन’ खात्यात (ज्यातल्या रकमेवर बँकेचा हक्क लागत नाही अशा) भरता येते का ते विचारा, म्हणजे तडजोड फिसकटली तर ती परत मागता येईल. कर्जखात्यात भरलेली रक्कम व्याजात वळती होते आणि मग ती परत मिळवणे दुरापास्त. ठरलेल्या तारखेला उरलेली रक्कम गेली नाही, तर सूट रद्द होऊन पूर्ण येणे पुन्हा उभे राहते.

खरा तिढा शेवटच्या आठवड्यात पडतो. खरेदीदाराची बँक म्हणते, मूळ कागद दाखवा, मग पैसे. तुमची बँक म्हणते, पैसे भरा, मग कागद. यावर तोडगा तीन पत्रांचा: तुमच्या बँकेचे तिच्याकडे असलेल्या मूळ कागदांच्या यादीचे पत्र, विक्रीला संमतीचे पत्र, आणि रक्कम जमा होताच कागद थेट खरेदीदाराच्या बँकेला देऊ अशी हमी. रक्कम थेट कर्जखात्यात वळती करायची, तुमच्या बचत खात्यातून नव्हे. ही तीन पत्रे हातात येण्याआधी सब-रजिस्ट्रारची वेळ घेऊ नका.

गोव्यातली एक बाब बाहेरच्या बँकांना उशिरा समजते. विवाहपूर्व करार करून वेगळी पद्धत निवडलेली नसेल, तर पती-पत्नींची मिळकत समाईक असते. फ्लॅट एकाच्याच नावे असला तरी विक्रीखतावर दोघांची सही लागते. जोडीदार पोर्तुगालात किंवा इंग्लंडमध्ये असेल तर अपोस्टील केलेले (त्या देशाच्या सरकारने प्रमाणित केलेले) मुखत्यारपत्र मागवा, आणि ते इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरा. शिवाय तो जोडीदार आयकराच्या दृष्टीने अनिवासी असेल, तर टीडीएसचा हिशेब निवासी विक्रेत्यापेक्षा वेगळा होतो. ५० लाखांखालच्या व्यवहाराला टीडीएस नाही ही सवलत त्याच्या हिश्श्याला मिळत नाही. कमी दराचे प्रमाणपत्र आयकर खात्याकडून काढता येते, पण त्यालाही वेळ द्यावा लागतो.

तडजोडीनंतर सिबिलमध्ये खाते ‘क्लोज्ड’ न दिसता ‘सेटल्ड’ दिसेल. पुढची काही वर्षे नवे कर्ज महाग किंवा अशक्य होईल, हे मनाशी धरूनच सही करा.

प्रश्न (फोंडा): बँकेच्या ई-लिलावात एक रो-हाऊस आहे. राखीव किंमत ६० लाख, बाजारात तसे घर ८० ला जाते. घ्यावे का? पैसे भरल्यावर मूळ मालकाने कर्ज फेडले तर?

उत्तर: शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. १ सप्टेंबर २०१६ पासूनच्या दुरुस्तीप्रमाणे कर्जदाराला घर सोडवून घ्यायची मुभा लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये हेच उचलून धरले. त्यामुळे ‘शेवटच्या दिवशी मालक पैसे घेऊन आला, लिलाव रद्द’ ही भीती पूर्वीइतकी राहिलेली नाही. उरते ती डीआरटीची भीती. बँकेने पायरी चुकवली असेल तर विक्रीच उलटते, आणि गोव्यातल्या कर्जदाराची दाद मुंबईच्या डीआरटीत चालत असल्याने तारखांवर तारखा पडतात. तोवर तुमचे पैसे बँकेत अडकलेले. लिलावाच्या अटींत ‘परत केल्यास व्याज नाही’ असे छापलेले असते, ते नजरेआड करू नका.

म्हणून बोली लावण्याआधी बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याकडे तारखा मागा: ६० दिवसांची नोटीस कधी पोचली, ताब्याची नोटीस कधी लावली, ती दोन वर्तमानपत्रांत आली का, त्यातले एक स्थानिक भाषेतले होते का, विक्रीची नोटीस आणि लिलाव यांत पहिल्या वेळी ३० दिवस आणि फेरलिलावाला १५ दिवस होते का. डीआरटीत अर्ज प्रलंबित आहे का, हेही लेखी विचारा. अधिकारी टाळाटाळ करू लागला तर तेच तुमचे उत्तर समजा.

ताबा ‘सांकेतिक’ आहे की ‘प्रत्यक्ष’, हे जाहिरातीत असते. सांकेतिक म्हणजे भिंतीवर नोटीस चिकटवली, आत मालक राहतोच आहे. त्याला बाहेर काढायला कलम १४ खाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. कायद्याने त्यांनी ३० दिवसांत, कारणे नोंदवून फार तर ६० दिवसांत आदेश द्यायचा असतो. पण आदेशानंतर पोलीस बंदोबस्त, सणासुदीचे दिवस आणि पाऊस यांचा हिशेब कायद्यात नाही. सांकेतिक ताब्याचे घर ६० ला स्वस्त वाटते ते याच कारणाने. पहिल्यांदाच घर घेणाऱ्याने अशा घराच्या वाटेला जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पैशाचे वेळापत्रक फार आवळलेले असते. राखीव किमतीच्या १० टक्के, म्हणजे ६ लाख, बहुधा अनामत. बोली ६४ लाखांवर तुमच्या नावे थांबली तर त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी २५ टक्के, म्हणजे १६ लाख पुरे करायचे. अनामत वजा जाता १० लाख. उरलेले ४८ लाख विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. लेखी मुदतवाढ मिळाली तरी एकूण तीन महिन्यांच्या पलीकडे नाही. चुकलात तर भरलेली रक्कम जप्त. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २५ टक्के रकमेची अशी जप्ती वैध ठरवली. १५ दिवसांत गृहकर्ज उभे राहणे कठीण, तेव्हा कर्जाची मंजुरी बोलीच्या आधी खिशात हवी. ६४ लाखांवर १ टक्का, म्हणजे ६४ हजारांचा टीडीएस तुम्ही भरायचा आणि त्याचे प्रमाणपत्र द्यायचे, हेही विसरू नका.

आता कागद. लिलाव ‘जसे आहे तसे, जिथे आहे तिथे’ या अटीवर असतो. बँकेच्या वकिलाने टायटल पाहिले आहे यावर विसंबू नका. त्याने ते कर्ज देताना पाहिले, कदाचित पंधरा वर्षांपूर्वी. एक-चौदाचा (जमिनीच्या हक्कनोंदीचा) उतारा काढून कुळाच्या आणि इतर हक्कांच्या रकान्यांत कूळ किंवा मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) म्हणून कोणाचे नाव आहे का बघा. जमीन वारशाने आली असेल तर इन्व्हेंटरी (वारसांतली रीतसर वाटणी) झाली का आणि सगळ्या वारसांच्या जोडीदारांनी सह्या केल्या होत्या का, ते तपासा. जमीन कोमुनिदादची (गावाच्या जुन्या सामायिक संस्थेची) तर नाही ना? सनद (जमीन बिगरशेती केल्याचा परवाना), बांधकाम परवाना, ऑक्युपन्सी दाखला, झोनिंग दाखला मागा. सब-रजिस्ट्रारकडून बोजा नसल्याचा दाखला घ्या आणि सरसाईच्या (तारणांच्या केंद्रीय नोंदणीच्या) संकेतस्थळावर दुसऱ्या एखाद्या बँकेचे नाव दिसते का शोधा. वीजबिलाची जुनी थकबाकी हा किरकोळ विषय वाटतो, पण नियमांत तरतूद असेल तर ती नव्या मालकाकडून वसूल करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये म्हटले आहे. पंचायतीची घरपट्टी आणि पाणीपट्टी धरून हे सगळे बोलीच्या रकमेतून मनातल्या मनात वजा करा. मग ते ६० लाख किती उरतात ते बघा.

प्रश्न (डिचोली): ३ फेब्रुवारीला गृहकर्जाची पूर्ण फेड केली. एप्रिल अर्धा होत आला, मूळ विक्रीखत अजून मिळालेले नाही. ‘कागद मुंबईच्या गोदामात आहेत’ एवढेच उत्तर.

उत्तर: कागद कुठल्या गोदामात आहेत ही त्यांची अडचण. रिझर्व्ह बँकेच्या १३ सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकाप्रमाणे, १ डिसेंबर २०२३ पासून, कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत सगळे मूळ कागद परत द्यायचे आणि नोंदवलेला बोजा काढायचा, हे बँकांना आणि गृहवित्त कंपन्यांनाही बंधनकारक आहे. उशीर त्यांच्यामुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये. तुमचे ३० दिवस ५ मार्चला संपले. ६ मार्च ते १४ एप्रिल हे ४० दिवस, म्हणजे २ लाख रुपये. हा आकडा तक्रारीत लिहा. आकडा दिसला की गोदामातले कागद लवकर सापडतात. हरवले असतील तर दुय्यम प्रती मिळवायला बँकेने मदत करायची आणि खर्चही सोसायचा. त्यासाठी तिला आणखी ३० दिवस मिळतात, भरपाई त्यानंतर सुरू होते.

आधी बँकेच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. कर्ज गृहवित्त कंपनीचे असेल तर लोकपालाऐवजी राष्ट्रीय आवास बँकेकडे जा. कागद हातात आले की सरसाईवरची नोंद उठली का ते स्वतः तपासा. बँका हे काम विसरतात, आणि घर विकायला काढल्यावरच ते कळते.

प्रश्न (वाळपई): गावातल्या पतसंस्थेचे कर्ज आहे. वसुलीवाला रात्री नऊ वाजता फोन करतो. सरफेसीची धमकी देतो. लोकपालाकडे जाऊ का?

उत्तर: लोकपालाच्या कक्षेत पतसंस्था येत नाही, आणि सरफेसीही तिला वापरता येत नाही. तो कायदा सहकारी बँकांना लागू होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये ठरवले; पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. तिची वसुली गोवा सहकारी संस्था कायद्याखाली होते, म्हणून तक्रार सहकार निबंधकांकडे करा, सोबत फोनच्या नोंदींचे फोटो जोडा. सकाळी ८ ते संध्याकाळी ७ या वेळेबाहेर फोन करू नये हा रिझर्व्ह बँकेचा नियम बँका आणि वित्त कंपन्यांसाठी आहे. पतसंस्थेला तो थेट लागत नाही, तरी निबंधकांपुढे दाखला म्हणून मांडता येतो. मात्र निबंधकांकडून थकबाकीचा निवाडा झाला असेल तर धमकी पोकळ नाही. निवाड्याची प्रत आधी मागून घ्या, आणि अपिलाची मुदत उलटण्याआधी वकिलाला दाखवा.